५० किलोचं पोतं आणि ७५ सेंटिमीटरचा ओटा

गोदामाच्या भिंतीवर ‘पाठ सरळ ठेवा, गुडघ्यात वाकून उचला’ असं पोस्टर असतं. त्याच्याच खाली हमाल कमरेतून वाकून पोती उचलत असतात. त्यांना नियम ठाऊक नसतो असं नाही. तो नियम खोक्यासाठी आहे, पोत्यासाठी नाही. सिमेंटचं पोतं साधारण ७० सेंटिमीटर लांब आणि ४५ रुंद. एवढं धूड दोन गुडघ्यांच्या मध्ये मावत नाही. गुडघ्यात बसलं की ते गुडघ्यांच्या पुढे जातं, म्हणजे अंगापासून लांब. कमरेवरचा ताण या अंतराने वाढतो, त्यामुळे पाठ सरळ राहूनही फायदा होत नाही. शिवाय १० टनांच्या गाडीत २०० पोती असतात. २०० उठाबशा काढून कुणाच्याही मांड्या भरून येणारच, मग माणूस आपोआप कमरेतून वाकतो. नुसतं उचलण्याचं प्रशिक्षण दिल्याने कंबरदुखी टळते याचा पुरावा वैद्यकीय संशोधन तपासणाऱ्या कोक्रेन संस्थेच्या २०११ च्या आढाव्यालाही सापडला नव्हता.

म्हणून आधी पोतं कुठे ठेवलंय ते बदलायचं. माणूस कसा वाकतो ते नंतर.

हे आकड्यांत बघू. अमेरिकेच्या नायोश या कामगार-सुरक्षा संशोधन संस्थेचं १९९१ मध्ये सुधारलेलं एक सूत्र आहे. सगळं अनुकूल असेल, तर दोन्ही हातांनी उचलायचं वजन ते २३ किलो धरतं आणि जसजशी परिस्थिती बिघडते तसतसं कमी करत जातं. वजन अंगापासून किती लांब, हात जमिनीपासून किती उंचीवर, किती वर न्यायचं, किती वळायचं, मिनिटाला किती वेळा, पकड कशी, या सहा गोष्टी. जमिनीवरचं पोतं घ्या. हात जमिनीपासून १५ सेंटिमीटरवर, पोत्याचा मध्य अंगापासून ४० सेंटिमीटर, कमरेच्या उंचीपर्यंत उचलायचं, पकडायला कान नाहीत, मिनिटाला चार पोती, काम तासाभराचं. हिशेब येतो जेमतेम ८ किलो. आता तेच पोतं ७५ सेंटिमीटर उंच ओट्यावर ठेवा. माणूस त्याला चिकटून उभा राहू शकतो, म्हणजे अंतर ३० वर आलं, आणि वर उचलायचं असं फार राहिलंच नाही. हिशेब येतो साडेचौदा किलो. पोतं दोन्हीकडे ५० किलोचंच आहे आणि दोन्हीकडे मर्यादेच्या बाहेरच आहे. पण एकीकडे सहापट, दुसरीकडे साडेतीनपट. हा सगळा फरक एका ओट्याचा. (हे सूत्र उचलण्यापुरतं आहे. पाठीवर घेऊन चालण्याला ते लावू नका.)

वळण्याचंही असंच. पाय न हलवता कमरेतून ९० अंश वळलं, तर त्या सूत्रात आणखी २९ टक्के कापले जातात. गाडीवरून पोतं ओढून बाजूच्या थप्पीवर टाकणारा माणूस दर पोत्याला हेच करतो. थप्पी त्याच्या पाऊलभर पलीकडे असते म्हणून तो पाय हलवत नाही. ती मुद्दाम दोन पावलं लांब ठेवली की पाय हलवावाच लागतो आणि कंबर वळत नाही. उलटं वाटतं, पण तसंच आहे.

आता गोदामात एक दिवस उभं राहून फक्त एवढंच मोजा: एक पोतं गाडीतून थप्पीपर्यंत जाताना किती वेळा जमिनीला टेकतं? बहुतेक आडतींत दोनदा-तीनदा. गाडीतून खाली, तिथून काट्यावर, काट्यावरून पुन्हा खाली, मग थप्पीवर. प्रत्येक टेकण्यानंतर जमिनीवरून उचलणं आलं, आणि सगळ्यात महाग तेच. सर्वात आधी काटा बघा. काट्याचा पाटा जमिनीच्या पातळीत बसवून घेतला, की ट्रॉलीसकट पोती काट्यावर नेता येतात. ट्रॉलीचं रिकामं वजन एकदा करून काट्यात वजा करून ठेवायचं. ट्रॉल्या दोन-तीन असतील तर प्रत्येकीवर तिचं वजन रंगाने लिहून ठेवा, नाहीतर किलो-दोन किलोंवरून व्यापारी आणि आडत्या दिवसभर भांडत बसतील.

गाडीच्या बाजूने मात्र हमालांची जुनी पद्धत बरीच शहाणी आहे. ट्रकचा पाटा साधारण मीटर-सव्वा मीटर उंच असतो. फाळका पाडला, की हमाल गाडीकडे पाठ करून उभा राहतो आणि वरचा माणूस पोतं त्याच्या पाठीवर सरकवतो. यात कुणी काही उचलत नाही, पोतं घसरून पाठीवर येतं. ही पद्धत मोडू नका. बिघाड होतो तो गाडीच्या आतल्या टोकाला. फाळक्याजवळची पोती संपली की मागची पोती ओढत आणायची असतात आणि ती वाकून ओढली जातात. तिथे गुळगुळीत प्लायवूडचा तुकडा खाली घालून पोतं त्यावरून ओढलं तर बराच त्रास वाचतो. आणि गाडीवर वर दोन माणसं हवीतच. एकट्याला ठेवून हमाली वाचवायची हा खोटा हिशेब आहे, कारण खालचे चौघं मग त्याच्यासाठी थांबतात.

फळी लावून चढ-उतार करायची असेल तर फळी चार मीटरपेक्षा आखूड नको. रुंदी पाऊणेक हात तरी असावी आणि दर वीतभर-दीड वीतभर अंतरावर आडवी पट्टी ठोकलेली असावी. वरच्या टोकाला लोखंडी आकडे करून ती पाट्यात अडकवा. नुसती टेकवलेली फळी का सरकते याचं कारण सहसा कुणी सांगत नाही: गाडी रिकामी होत जाते तसे पाट्याखालच्या कमानी सैल होतात, पाटा काही बोटं वर येतो आणि फळीचं टेकण निसटत जातं. म्हणूनच गाडी रिकामी होत जाते तसा अपघाताचा धोका वाढतो.

अंतराचा हिशेब तर कुणी करतच नाही. थप्पी दारापासून ४० मीटर आत असेल, तर २०० पोत्यांना जाऊन-येऊन १६ किलोमीटर चालणं होतं, त्यातलं आठ किलोमीटर पाठीवर ५० किलो घेऊन. गाडी मागे घेऊन दाराशी भिडवली आणि अंतर १५ मीटरवर आलं, तर एकूण सहाच किलोमीटर. ड्रायव्हरला गाडी दोनदा मागे-पुढे घ्यायचा कंटाळा येतो एवढ्यासाठी हमाल दहा किलोमीटर जास्त चालतात. जलद खपणारा माल दाराशी आणि पडून राहणारा आत, हेही त्याच हिशेबातलं.

दोन चाकांची पोत्यांची ट्रॉली एका वेळी तीन पोती नेते, म्हणजे ४० मीटरवरही २०० पोत्यांना ६७ फेऱ्या, साडेपाच किलोमीटरांच्या आत. एवढी सोय असूनही बहुतेक गोदामांत ती कोपऱ्यात पडलेली दिसते आणि कारण जवळजवळ नेहमी चाकं असतात. शहाबादी फरशीच्या सांध्यांत लहान कडक नायलॉनची चाकं अडकतात. तिथे २५ ते ३० सेंटिमीटर व्यासाची रबरी चाकं हवीत. नायलॉन फक्त गुळगुळीत ट्रिमिक्स काँक्रीटच्या जमिनीवर. दुसरं, पोत्यांची सुतळी आसाला गुंडाळली जाते आणि चाक घासायला लागतं. आठवड्यातून एकदा ती ब्लेडने कापून काढा. सिमेंटच्या गोदामात बेअरिंगमध्ये धूळ बसते. झाकलेली बेअरिंग घ्या आणि वरून तेल सोडू नका, तेल आणि सिमेंट मिळून लगदा होतो. तिसरं, पोती ट्रॉलीवर उभी रचतात तेव्हा भार चाकाच्या पुढे राहतो आणि मुठीवर वजन येतं. ट्रॉली मागे कलल्यावर मुठी हातात हलक्या लागल्या पाहिजेत. लागत नसतील तर खालचं पोतं आत ढकला.

पॅलेट (माल रचायची फळ्यांची चौकट) आणि ते उचलून हाताने ओढायचा पॅलेट जॅक घ्यायचा असेल तर आधी जमीन बघा. सपाट जमिनीवर, चांगल्या चाकांवर, माल हलवायला त्याच्या वजनाच्या साधारण दोन टक्के जोर लागतो. पॅलेटवर २० पोती म्हणजे एक टन, तर जोर २० किलोंइतका. जमीन खडबडीत असली की हाच जोर दहा टक्क्यांपर्यंत जातो, म्हणजे १०० किलो. ते एका माणसाचं काम नाही. उतार असेल तर गोष्टच संपली: १२ ला १ अशा साध्या रॅम्पवर एक टनाला ८० किलोंहून जास्त जोर फक्त चढाचा लागतो, आणि उतरताना तेवढाच जोर तुम्हाला ढकलत येतो. अशा ठिकाणी पॅलेट जॅक रॅम्पवर न्यायचाच नाही. सपाट भागात मात्र ओढण्यापेक्षा ढकलणं बरं. ओढताना हात मागे, अंग तिरकं, आणि चाक टाचेवर येतं.

थप्पीबद्दल थोडक्यात. सिमेंटची थप्पी दहा थरांच्या वर नको. कारण फक्त उंची नाही, दाबाने खालच्या पोत्यांत गाठी होतात. आठ थरांच्या वर जात असाल तर एक थर लांबीच्या दिशेने, एक आडवा असं बांधत जा. तागाची पोती एकमेकांना धरून बसतात, प्लास्टिकच्या विणलेल्या गोण्या घसरतात. तागाच्या सवयीने प्लास्टिकच्या गोण्या सरळ रचल्या की थप्पी काही दिवसांत कलते. काढताना मधलं पोतं ओढायचं नाही, वरून पायऱ्या पाडत यायचं. पोतं ओढायचा लोखंडी आकडाही फक्त तागाला लावा, प्लास्टिक आकड्याने फाटत जातं आणि हात अचानक सुटतो. वरच्या थरांसाठी पाठीवर पोतं घेऊन पोत्यांच्याच पायऱ्यांवर चढण्यापेक्षा ओट्याच्या उंचीचा एक हलता लाकडी मंच ठेवा आणि मंचावरून वर दुसरा माणूस द्या.

दोघांनी मिळून उचलायचं असेल तर ताकद दुप्पट धरू नका. दोघांची मिळून जेवढी ताकद, तिच्या दोनतृतीयांशच हाती लागते, तिघांत तर निम्मी. उंचीने सारखे दोघं लावा आणि ‘घे’ एकानेच म्हणायचं.

आता पैशाचं, कारण त्याशिवाय वरचं काहीच टिकत नाही. १९६९ च्या माथाडी कायद्यामुळे महाराष्ट्रात हमालांच्या नोंदलेल्या टोळीचे दर ठरलेले असतात आणि हमाली, वाराई (गाडी भरण्या-उतरवण्याची मजुरी) बहुतेक नगावर मिळते. ट्रॉली आणली आणि मालकाने लगेच दर कमी करायचं बोलणं काढलं, की ट्रॉली कोपऱ्यात जाणारच, आणि त्यात टोळीची चूक नाही. मुकादमाशी आधी बोलून घ्या की दर तोच राहील, गाडी लवकर सुटेल तो फायदा सगळ्यांचा. ट्रॉलीच्या मुठीची उंची, मंच कुठे ठेवायचा, हेही टोळीलाच ठरवू द्या.

वजनाच्या कायदेशीर मर्यादेवर फार विसंबू नका. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या १९६७ च्या शिफारशीत प्रौढ पुरुषासाठी ५५ किलोंचा आकडा आहे, आणि त्याच वर्षीचा कमाल वजनाचा करार भारताने २०१० मध्ये मान्य केला. ५० किलोचं पोतं त्यात बसतं. पण ५५ म्हणजे सुरक्षित नव्हे, ५५ म्हणजे याच्या वर तर नकोच. वाशीच्या कांदा-बटाटा बाजारात ५० च्या वरच्या गोण्यांवरून माथाडींनी काम थांबवलेलं आहे, ते उगाच नाही.

२५ किलोच्या गोण्या आणल्या की प्रश्न सुटेल असं वाटतं. दर नगावर राहिला तर मालक निम्मा दर देऊ बघतो, आणि दर निम्मा झाला की हमाल दोन गोण्या एकदम पाठीवर घेतो. तेव्हा २५ किलोच्या गोण्या आणणार असाल तर दर टनावर बोला, आणि दुसरी गोणी पाठीवर ठेवायची नाही हे गाडीवरच्या माणसाला सांगा. देणारा तोच असतो.