फुकटच्या सॉफ्टवेअरले पैसे काहून? साडेसहा हजारांच्या फायलीचे सात महिने

फेब्रुवारीत एका मंगळवारी आमच्या संस्थेच्या लेखा विभागातून माझी फाईल परत आली. वरच्या कोपऱ्यात निळ्या शाईत ‘मंजूर’, खाली सही. रक्कम रुपये साडेसहा हजार, ग्रंथालयाच्या फुकटच्या सॉफ्टवेअरमधली एक दुरुस्ती करून घेण्यासाठी. टिपणी मी दिली होती जुलैत. सात महिने ती फाईल तीन टेबलांवर फिरत होती आणि मी तिच्या मागे फिरत होते. अजून राग पुरता गेलेला नाही, म्हणून लिहायला बसले. पण काम झालं, आणि ते कसं झालं हे आपल्याकडच्या इतर ग्रंथपालांना माहीत असावं असं मनापासून वाटतं.

मी यवतमाळ जिल्ह्यात, पैनगंगेच्या अलीकडच्या एका तालुक्याच्या गावी कॉलेजची ग्रंथपाल आहे. चौदा हजारांच्या आसपास पुस्तकं, त्यांतली निम्म्याहून जास्त मराठी. ग्रंथालयात पुस्तकांच्या नोंदी, देवघेव आणि शोध यासाठी कोहा हे सॉफ्टवेअर. कॉलेजांचं मूल्यांकन करणाऱ्या नॅकच्या चौथ्या निकषात तेव्हा ग्रंथालय संगणकीकृत आहे का हे विचारायचे, म्हणून सहा वर्षांपूर्वी ते घेतलं. घेतलं म्हणजे सॉफ्टवेअर मुक्त, त्याचा कोड कुणालाही पाहता-बदलता येतो, त्याला किंमत नाही. बसवून देणं आणि सांभाळणं यासाठी नागपूरच्या एका कंपनीशी वार्षिक करार. आम्ही गिऱ्हाईक, ते दुकानदार. काही बिघडलं की फोन करायचा, इतकाच आमचा संबंध.

या नात्याला पहिला धक्का शोधाने दिला. मुलं ओपॅकवर, म्हणजे पुस्तकं शोधायच्या पडद्यावर, ‘कापूस’ टाकायची आणि पडद्यावर शून्य पुस्तकं यायची. कपाटात कापसावरची चांगली सतरा-अठरा पुस्तकं. कंपनी दोन वर्षं सांगत राहिली की मराठी शोध या सॉफ्टवेअरमध्येच नाही. शेवटी एका उन्हाळी सुट्टीत मी स्वतः वाचायला बसले. आमच्या कोहाचा शोध झेब्रा नावाच्या यंत्रणेवर चालतो. तिच्यात शब्दांची सूची करण्याच्या दोन पद्धती आहेत, सीएचआर आणि आयसीयू. पहिली रोमन लिपीला पुरते, देवनागरीसाठी दुसरी लागते. आमच्याकडे पहिली होती. बदलायला सांगितलं, सगळी सूची नव्याने बनवून घेतली आणि ‘कापूस’ला सतरा पुस्तकं आली. कोहावर असाल आणि मराठी शोध चालत नसेल, तर आधी हेच विचारा: आयसीयू लावलंय का?

त्या दिवशी मला समजलं की मी जिला सॉफ्टवेअरची मर्यादा समजत होते, ती बसवणाऱ्याची होती. आणि हे सगळं जगभरातल्या ग्रंथपालांनी उघड लिहून ठेवलं होतं, वाचायला कुणाचीच मनाई नव्हती.

मग मराठी भाषांतरात हात घातला. कोहाचं भाषांतर वेबलेट या भाषांतराच्या संकेतस्थळावर होतं, खातं उघडलं की सुरुवात. मराठीतल्या कितीतरी ओळी रिकाम्या होत्या. रोज संध्याकाळी वीस ओळी असा नेम ठेवला. ‘पेट्रन’ला सभासद, ‘आयटम’ला प्रत, ‘चेक इन’ला जमा. शब्द आपल्या दाखल नोंदवहीतले घ्यायचे, शब्दकोशातले नाही. वाचणारा माणूस काउंटरवर उभा असतो. मधेमधे टक्क्याची खूण आणि तिच्यापुढे एस असा तुकडा दिसतो. तिथे नंतर आकडा किंवा नाव येऊन बसतं. तो खोडायचा नाही, मराठी वाक्यात जिथे शोभेल तिथे ठेवायचा.

आणि इथेच ते वाक्य सापडलं, ज्याच्यापायी पुढचं सगळं घडलं.

आमचे ग्रंथालय परिचर, त्यांना सगळं कॉलेज भाऊ म्हणतं, देवघेव काउंटर सांभाळतात. पुस्तक जमा करताना एका ठरावीक वेळी एक चौकट उघडते आणि तिच्यात इंग्रजी वाक्य येतं. भाऊ इंग्रजी वाचत नाहीत. बाकी सगळा पडदा मराठी झाला, हे एक वाक्य होईना. मी यादी दोनदा चाळली, ते यादीतच नव्हतं. कारण ते कोडमध्ये थेट लिहिलेलं होतं. भाषांतराची खूण त्याला कुणी लावलीच नव्हती. भाऊंनी त्याचा अर्थ एका चिठ्ठीवर लिहून मॉनिटरच्या कडेला सेलोटेपने चिकटवला होता. उन्हाळ्यात टेप सुटायचा, चिठ्ठी खाली पडायची आणि त्या दिवशी हमखास चुकीचं बटण दाबलं जायचं.

कंपनीला सांगितलं तर त्यांनी आमच्या सर्व्हरवर त्या फायलीत जाऊन वाक्य मराठीत टाकून दिलं. बिल दोन हजार आठशे. पुढच्या अपग्रेडला नवी फाईल आली आणि वाक्य पुन्हा इंग्रजी. पुन्हा बिल दोन हजार आठशे. तिसऱ्या वेळी तीन हजार दोनशे. वाक्य एकच, आणि कराराबाहेरचं काम म्हणून तीन बिलं.

खरा उपाय वेगळा होता. मूळ कोहातच त्या वाक्याला भाषांतराची खूण लावायची आणि ती दुरुस्ती समुदायाकडे, म्हणजे जगभर कोहा मिळून घडवणाऱ्या लोकांकडे, पाठवायची. ती एकदा आत गेली की दर अपग्रेडसोबत आपोआप येणार, आणि मराठीबरोबर इतर भाषांनाही ते वाक्य आपल्या भाषेत करता येणार. कंपनीच्या मुलाने साडेसहा हजार सांगितले. त्यात दुरुस्ती लिहिणं, पाठवणं आणि तपासणाऱ्यांनी काही बदल सुचवले तर ते करून देणं आलं. मला हे स्वस्त वाटलं. जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात टिपणी ठेवली. कोहाची मोठी आवृत्ती दरवर्षी मे आणि नोव्हेंबरमध्ये येते आणि तिच्या काही आठवडे आधी नवी वाक्यं घेणं थांबवतात. ऑगस्टमध्ये मंजुरी मिळाली असती तर नोव्हेंबर गाठता आला असता.

ऑगस्टअखेर फाईल शेरा मारून परत आली: ‘सॉफ्टवेअर मोफत असल्यास खर्चाचे प्रयोजन काय?’

मी दोन पानी खुलासा दिला. सप्टेंबरात पुन्हा परत: ‘लेखाशीर्ष नमूद करावे.’ मी ग्रंथालय शुल्क लिहिलं. मग निरोप आला, तीन कोटेशन जोडा. आता ज्या कंपनीने आमचा सर्व्हर बसवलाय, ज्या मुलाने चूक नेमकी कुठे आहे ते शोधलंय, त्याच्या कामाचं कोटेशन दुसरं कोण देणार? तरी मागितलं. एका कंपनीने अख्खं कोहा नव्याने बसवण्याचं पंचेचाळीस हजारांचं कोटेशन धाडलं. दुसरीने सांगितलं की दुसऱ्याच्या कामावर आम्ही दर देत नाही. ते उत्तर मी छापून तिसरं कोटेशन म्हणून जोडलं. तोवर दिवाळी आली. नोव्हेंबरची आवृत्ती माझ्या डोळ्यांदेखत निघून गेली. इतका मनस्ताप मला नोकरीत फार थोड्या वेळा झालाय.

डिसेंबरात मी स्वतः लेखा विभागात जाऊन बसले. तिथले बाबू वयाने मोठे, कामाला चोख. त्यांनी फाईल उघडली, चष्मा वर केला आणि सरळ विचारलं, “मॅडम, फुकटच्या सॉफ्टवेअरले पैसे काहून द्याचे?”

मी म्हटलं, सॉफ्टवेअरला नाही, दुरुस्तीला.

“मंग दुरुस्ती आपल्या मशीनवर करून घ्या ना. साऱ्या दुनियेले काहून वाटता?”

मग त्यांनी जडसंग्रह नोंदवही काढली, कोरं पान उघडलं आणि बोट ठेवलं. साडेसहा हजारांची वस्तू येणार, ती कोणत्या अनुक्रमांकावर चढवायची? कॉलेजात आलं काय? ऑडिटवाल्याने विचारलं तर दाखवायचं काय? हा प्रश्न मला तेव्हा निव्वळ अडवणूक वाटला होता. आज वाटतं, त्यांच्या जागी तो बरोबर होता. मीच उत्तर तयार करून न्यायला हवं होतं.

त्या दिवशी वाद घालायची ताकद नव्हती, म्हणून मी त्यांना कोहाची गोष्ट सांगितली. न्यूझीलंडमध्ये होरोव्हेनुआ नावाचा ग्रामीण भाग आहे, तिथल्या ग्रंथालयांचा एक ट्रस्ट. १९९९ साली त्यांचं जुनं सॉफ्टवेअर सन २००० च्या तारखा पेलणार नाही असं लक्षात आलं. त्यांनी कातिपो नावाच्या कंपनीकडून नवीन बनवून घेतलं, जानेवारी २००० मध्ये ते सुरू झालं, आणि पैसे स्वतः मोजलेले असूनही त्यांनी ते सगळ्यांसाठी खुलं केलं. म्हणजे कोहाची सुरुवातच एका गिऱ्हाइकाने केली. नाव माओरी भाषेतलं. कोहा म्हणजे भेट, पण घेणाऱ्यानेही पुढे कधीतरी द्यायची जाणीव ठेवायची अशी भेट.

बाबू थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, “म्हंजे आहेर.”

हो, आहेरच. आपल्याकडे लग्नात आहेराची वही असते. कुणी काय दिलं ते लिहून ठेवतात आणि त्यांच्या घरी कार्य निघालं की ती वही उघडतात. सहा वर्षं आम्ही आहेर घेत होतो, आमचं पान कोरं होतं.

मग मी ती तीन जुनी बिलं त्यांच्यापुढे ओळीने ठेवली. दोन हजार आठशे, दोन हजार आठशे, तीन हजार दोनशे. बेरीज त्यांनीच केली, आठ हजार आठशे. “एकाच कामाचे तीन बिलं?” ते म्हणाले, आणि पहिल्यांदा रागावले ते माझ्यावर नाही.

मसुदा पुढे त्यांनीच सांगितला. टिपणीत मी ‘समुदायाला योगदान’ असं लिहिलं होतं. योगदान म्हणजे देणगी, आणि देणगी म्हटली की आमच्याकडे फाईल थेट कार्यकारिणीकडे जाते. त्याऐवजी त्यांनी लिहवलं, ‘वार्षिक देखभालीत समाविष्ट नसलेली कायमस्वरूपी दुरुस्ती.’ जडसंग्रहात नोंद नाही, कारण सेवा आहे, वस्तू नाही. पुरावा म्हणून दुरुस्ती मूळ कोहात दाखल झाल्याच्या पानाची छापील प्रत जोडायची आणि पैसे त्यानंतरच द्यायचे. कंपनी या अटीला तयार झाली. जानेवारीत टिपणी नव्याने ठेवली, फेब्रुवारीत मंजूर. तुम्ही असं काही करणार असाल तर देणगी, योगदान, प्रायोजन हे शब्द टिपणीत आणूच नका. जुनी बिलं मात्र पहिल्याच दिवशी जोडा. मी ती डिसेंबरपर्यंत कपाटात ठेवली हे मला फार लागून राहिलंय.

पुढचं भराभर झालं. बगझिलावर, म्हणजे कोहातल्या चुका नोंदवायच्या संकेतस्थळावर, ही चूक मी आधीच नोंदवली होती: आवृत्तीचा क्रमांक, कोणत्या पायऱ्यांनी चूक दिसते ते एकाखाली एक, आणि पडद्याचं चित्र. इंग्रजी साधं असलं तरी चालतं, पायऱ्या नेमक्या हव्यात. आपली चूक आधी कुणी नोंदवलेली नाही ना, तेही शोधून पाहावं. दुरुस्ती मार्चमध्ये गेली. कोहात लिहिणाऱ्याला स्वतःचीच दुरुस्ती पास करता येत नाही. दुसऱ्या कुणीतरी ती चालवून पाहून साइन-ऑफ द्यावा लागतो, मग गुणवत्ता तपासणारे बघतात, मग ती मुख्य शाखेत, म्हणजे मूळ कोहाच्या कोडमध्ये, जाते. कितीतरी दुरुस्त्या साइन-ऑफ देणारं कुणी नाही म्हणून नुसत्या पडून असतात.

म्हणून वाट पाहण्याच्या सात महिन्यांत मी दुसऱ्यांच्या दुरुस्त्या तपासायला शिकले होते. प्रोग्रॅमिंग येत नाही, लागतही नाही. सँडबॉक्स म्हणून सोय आहे. ब्राउझरमध्येच त्या दुरुस्तीसह एक कोहा उभं राहतं. दुरुस्ती लिहिणाऱ्याने चाचणीच्या पायऱ्या दिलेल्या असतात, त्या करून पाहायच्या. पहिलीला माझी अख्खी दुपार गेली, कारण मधेच लाईट गेली आणि मोबाईलच्या नेटवर सगळं पुन्हा उभं करावं लागलं. पण संध्याकाळी त्या नोंदीवर साइन-ऑफ देणारी म्हणून माझं नाव दिसलं, तेव्हा घरी जाताना बसमध्ये मी एकटीच हसत होते. आमच्या दुरुस्तीला साइन-ऑफ परदेशातल्या एका ग्रंथपालाने दिला, ज्यांच्या भाषेतही ते वाक्य अडलेलं होतं.

मेच्या आवृत्तीत ती आली. आवृत्तीच्या माहितीपत्रात खर्च उचलणाऱ्या ग्रंथालयांची नावं देतात, त्यात आमच्या कॉलेजचं नाव आहे. बाबूंनी त्याच्या दोन प्रती मागितल्या, एक फायलीला आणि एक त्यांच्या टेबलाच्या काचेखाली. जूनमध्ये कॉलेज उघडायच्या आत अपग्रेड करून घेतलं आणि त्या वाक्याचा मराठी मजकूर भाऊंना विचारून ठरवला, कारण रोज वाचायचा त्यांना आहे. मॉनिटरवरची चिठ्ठी त्यांनीच काढली. टेपचा डाग मात्र अजून तिथे आहे.

एक सांगायचं राहिलं, आणि ते खरं तर सगळ्यात आधी करायला हवं. कंपनीशी करार नवा करताना त्यात तीन ओळी घाला. आमच्यासाठी कोडमध्ये जो बदल कराल तो मूळ कोहाकडेही पाठवायचा. सर्व्हरचा मुख्य पासवर्ड आणि दर आठवड्याची डेटाची प्रत ग्रंथपालाकडे राहील. आणि अपग्रेडच्या आधी आठ दिवस चाचणीसाठी वेगळं कोहा मिळेल. आमच्या करारात या ओळी एप्रिलमध्ये आल्या, एका बैठकीत. लेखा विभागाने एकही शेरा मारला नाही, कारण त्यांना पैसे पडत नव्हते. ओळींचा मसुदा माझ्याकडे टाईप केलेला आहे. शेजारच्या दोन कॉलेजांनी नेला, तुम्हालाही देते.