लाल ठिपका

गळ टाकून बसलेल्या माणसाला एका वेळी दोन ठिकाणी बघता येत नाही, हे सीगलला कुणी शिकवलं, देव जाणे. आपली नजर दोऱ्यावर आणि आमिषाचं डबडं पाठीमागे. डोळा लवतो न लवतो तोच डबड्यातला तुकडा गायब. वळून पाहावं तर स्वारी पाच पावलांवर मान फिरवून उभी. जणू त्या गावचीच नाही!

पूर्वी मी चिडायचो, टोपी भिरकवायचो. हल्ली भिरकवत नाही. शहाणपण आलं असं नाही, टोपी एकदा पाण्यात गेली.

आणि चोर तरी कसं म्हणायचं? दुसऱ्याच्या तोंडचा घास पळवणं हा समुद्रपक्ष्यांत राजरोस चालणारा धंदा आहे. फ्रिगेटबर्ड समुद्रावर जगतो, पण पिसं भिजतात म्हणून त्याला पाण्यावर बसता येत नाही. तो उडता उडता मासे टिपतोच, शिवाय संधी साधून दुसऱ्या पक्ष्यांना पिटाळतो, त्यांना गिळलेला मासा ओकायला लावतो आणि तो वरच्या वर झेलतो. त्यापुढे माझा सीगल अगदीच सज्जन.

2019 साली इंग्लंडमधल्या एक्सेटर विद्यापीठाच्या संशोधकांनी तिथल्याच कॉर्नवॉलच्या किनाऱ्यावर चिप्सची पिशवी ठेवून हेरिंग गल या जातीच्या सीगलांची परीक्षा घेतली. माणूस रोखून बघत असला, की पक्षी खाण्यापाशी यायला सरासरी 21 सेकंद जास्त घ्यायचे. हे वाचल्यावर मी एक अख्खी सकाळ सीगलवर डोळे रोखून बसलो. आमिष शाबूत राहिलं. मासा मात्र एकही मिळाला नाही.

खरी भानगड झाली ती खोट्या आमिषामुळे. पत्र्याची चकचकीत मासोळी, ओढली की जखमी माशासारखी लडखडत पोहते. गळ्याशी लाल ठिपका. दुकानात बघताक्षणी मीच तिच्या गळाला लागलो होतो, मासे राहिले बाजूला. ती फेकली आणि पाण्याला टेकायच्या आतच एका सीगलने चोचीत धरली.

हेरिंग गलच्या पिवळ्या चोचीवर खालच्या बाजूला लाल ठिपका असतो. पिल्लू त्यावर टोचतं, मग आई किंवा बाप घास ओकून भरवतो. प्राण्यांच्या वागण्याचा अभ्यास करणारे शास्त्रज्ञ निको टिनबर्गन यांनी पिल्लांपुढे पुठ्ठ्याची डोकी धरून हे तपासलं. पुढे तर असं दिसलं, की पांढरे पट्टे ओढलेली बारीक लाल काडी दाखवली, तर पिल्लं खऱ्या डोक्यापेक्षा तिलाच जास्त टोचतात. टिनबर्गन यांना 1973 मध्ये नोबेल मिळालं. त्या काडीला मात्र कुणी विचारलं नाही. आता माझा सीगल लाल ठिपक्याला भुलला की नुसत्या चकाकीला, मला सांगता येणार नाही. पण मासोळी बनवणाऱ्याने काडीचीच युक्ती वापरली होती, एवढं खरं.

दोऱ्याला ओढ लागली आणि मी झटक्यात काठी उचलली. इतक्या वर्षांची सवय. ओढ लागली की मनगट मला विचारत बसत नाही. त्या हिसक्यानेच गरी चोचीच्या कोपऱ्यात रुतली. एरवी त्याने मासोळी चाखून थुंकलीही असती.

मी घाबरून दोरा कापायला निघालो. शेजारी बसलेले काका ओरडले, "कापू नकोस! दोरा घेऊन उडाला, तर कुठेतरी अडकून उपाशी मरेल." मग हळूहळू ओढून त्याला जवळ घेतलं, डोक्यावर टॉवेल टाकला. अंधार झाला तसा तो शांत झाला. काकांनी पंख अंगाशी दाबून धरले, चोच नाकपुड्या मोकळ्या ठेवून पकडली. मी गरीचं टोक पुढे ढकलून बाहेर काढलं, काटा पक्कडीने तोडला आणि उरलेली तार मागे ओढून घेतली. हात थरथरत होते ते माझे. टॉवेल काढल्यावर त्याने माझ्या अंगठ्याला कडकडून चावा घेतला आणि पाण्यावर जाऊन पिसं झाडत बसला.

अर्ध्या तासाने एक सीगल डबड्यापाशी उभा. तोच असावा, चोचीच्या कोपऱ्यात रक्ताचा ठिपका होता. मी त्याच्याकडे बघत राहिलो. तोही हलेना. तेवढ्यात काठीचं टोक वाकलं आणि मनगट पुन्हा उचललं गेलं.

गळाला शेवाळ होतं. डबडं रिकामं.