पडीक म्हणून नोंदलेली द्राक्षबाग

२२ जानेवारी २०२५ चा तो बुधवार होता. मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस दावोसला जागतिक आर्थिक मंचाच्या बैठकीत होते आणि तिथे होणाऱ्या सामंजस्य करारांच्या रकमा नाशिकची वर्तमानपत्रे रोज पहिल्या पानावर छापत होती. त्या दौऱ्यातल्या करारांची एकूण रक्कम पुढे १५.७० लाख कोटी रुपयांवर गेल्याचे जाहीर झाले. मी उद्योगांसाठी जागेची पाहणी करणाऱ्या एका खासगी सल्लागार संस्थेत काम करते. सामंजस्य करार हा इरादा असतो. त्यानंतर जमीन, पाणी, वीज आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमती असा एकेक टप्पा पार करावा लागतो, आणि आमचे खरे काम त्या टप्प्यांवर असते.

सकाळी साहेबांनी बोलावून सांगितले, की एका परदेशी कंपनीचे प्रतिनिधी सध्या दावोसमध्येच आहेत आणि दिंडोरी तालुक्यातल्या ६२ एकर सलग जागेची एकपानी माहिती त्यांना आजच हवी आहे. आपली घड्याळे तिथल्यापेक्षा साडेचार तास पुढे असल्याने रात्री आठपर्यंत कागद पाठवला, तर तो त्यांच्या दुपारच्या चर्चेत कामी येणार होता. मसुदा माझ्याकडे तयार होता. मधल्या १८ एकरांपुढे मी ‘पडीक’ असे लिहिले होते, कारण संग्रहातल्या जुन्या सातबाऱ्यावर तशी नोंद होती. तरीही शिवार एकदा डोळ्यांनी पाहावे म्हणून मी दुपारी निघाले.

त्या १८ एकरांत द्राक्षे उभी होती. चार भावांची ती बाग; ऑक्टोबरमधली गोडी छाटणी, म्हणजे फळांसाठीची छाटणी, वेळेवर झालेली आणि माल काढणीला आलेला. बायका कात्रीने घड कापून क्रेटमध्ये अलगद ठेवत होत्या, बांधावर पॅकहाउसची गाडी उभी होती. थोरल्या भावाला सगळे नाना म्हणत. माझ्या हातातला नकाशा पाहून त्यांनी विचारले, “ताई, आमच्या गटावर काय लिहिलंय यात?” खोटे बोलणे शक्य नव्हते. मी ‘पडीक’ म्हटल्यावर ते रागावले नाहीत. त्यांनी घरातून एक फाइल आणली. त्यात निर्यातीच्या द्राक्षांचा माग ठेवणाऱ्या ‘ग्रेपनेट’ प्रणालीतल्या बागेच्या नोंदणीचा कागद होता, काढणीपूर्वी घेतलेल्या नमुन्याचा कीडनाशक अवशेषांचा अहवाल होता आणि आदल्या हंगामात रॉटरडॅमला गेलेल्या मालाच्या हिशेबपट्ट्या होत्या.

मग ते २०१० सालाविषयी बोलले. क्लोरमेक्वाट या वाढनियंत्रकाचे अवशेष सापडल्यामुळे त्या वर्षी भारतीय द्राक्षांचे कंटेनर युरोपात अडले होते, आणि ज्यांच्या बागांचा त्याच्याशी काही संबंध नव्हता अशा शेतकऱ्यांनाही त्याचा फटका बसला. “तिथला माणूस आपली बाग बघायला येत नाही, ताई. तो फक्त कागद बघतो. एक कागद खोटा निघाला, की पुढचे सगळे कागद तो खोटेच धरतो.” जमीन द्यायची की नाही याबद्दल ते अवाक्षरही बोलले नाहीत, आणि मीही विचारले नाही, तो प्रश्न विचारण्याचा अधिकार त्या दिवशी मला नव्हता.

परतताना गाडीतूनच मी साहेबांना फोन केला. त्यांची अडचण मला समजत होती, कारण हे १८ एकर वगळले की उरलेल्या ४४ एकरांचे दोन तुकडे पडत होते आणि ‘सलग’ हा शब्दच कागदावरून जात होता. त्यांनी सुचवले, की आज आहे तेच जाऊ दे, तपशील नंतर दुरुस्त करू. मी म्हणाले, “सर, मुख्यमंत्री तिथे राज्याच्या नावाने शब्द देत आहेत. उद्या ही माणसे जागा बघायला आली आणि पडीक म्हणून दाखवलेल्या जागेत त्यांना काढणी चालू दिसली, तर अविश्वास एकट्या आपल्यावर येणार नाही.” बराच वेळ ते काही बोलले नाहीत. शेवटी ‘खरे ते लिही’ एवढे म्हणून त्यांनी फोन ठेवला.

पावणेआठला सुधारित कागद गेला. त्यात दोन तुकडे वेगळे दाखवले होते, मधली बाग निर्यातीची आहे हे स्पष्ट लिहिले होते आणि तळेगाव-अक्राळे औद्योगिक क्षेत्रातली उपलब्धता पाहण्याची सूचना जोडली होती. साडेनऊला त्या प्रतिनिधींचा फोन आला. मला वाटले होते, की ते विषयच बंद करतील. त्यांनी सलगतेबद्दल एकच प्रश्न विचारला आणि मग पंधरा मिनिटे फक्त पाण्याबद्दल बोलले: उन्हाळ्यात उपसा किती कमी होतो, सिंचन आणि उद्योग यांच्यात पाणी कसे वाटले जाते, वीज उपकेंद्र किती अंतरावर आहे. जी उत्तरे मला ठाऊक होती ती मी दिली आणि बाकीच्यांसाठी दोन दिवस मागून घेतले. फोन ठेवण्यापूर्वी त्यांनी विचारले, की उरलेल्या ४४ एकरांची पाहणी याच पद्धतीने झाली आहे का.

तशी ती झालेली नव्हती, आणि मी ते त्यांना सांगितले. दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता मी पुन्हा दिंडोरीच्या रस्त्याला लागले, त्या दोन तुकड्यांतला प्रत्येक गट पायी फिरून पाहण्यासाठी.