रिचर्ड वॉरनचा बाप कोण?

इंग्लंडमधल्या त्या काउंटीच्या अभिलेखागाराचं नाव मी घेत नाही, पण त्यांच्या ऑनलाइन फॉर्मवरचा माझा राग अजून गेलेला नाही. पत्त्याच्या रकान्यात ब्रिटिश पोस्टकोड टाकल्याशिवाय फॉर्म पुढे सरकत नाही, आणि वर ठळक अक्षरांत काय, तर परदेशी अर्जदारांचं स्वागत आहे!

काम खरं तर माझं नव्हतंच. मुलगी बॉस्टनजवळ असते, जावई तिथलाच. १६२० साली इंग्रज वसाहतवाल्यांना अमेरिकेत घेऊन आलेल्या मेफ्लॉवर जहाजातून उतरलेला रिचर्ड वॉरन हा आपला पूर्वज, असं विहीणबाईंच्या घरात पिढ्यानपिढ्या सांगत आलेत. आमच्या घराण्याच्या कुलवृत्तांताच्या नव्या आवृत्तीसाठी मी बरेच कागद चाळलेत, हे मुलीने त्यांना कौतुकाने सांगितलं आणि नातवाला खेळवायला गेलेला मी कामाला जुंपलो गेलो.

वॉरनपासून खाली विहीणबाईंपर्यंतची साखळी जुळली. मेफ्लॉवरच्या प्रवाशांच्या पहिल्या पाच पिढ्या वंशजांच्या संस्थेने तपासून छापल्यात, मॅसॅच्युसेट्समधल्या बऱ्याच गावांच्या १८५० पर्यंतच्या नोंदीही छापील मिळतात. मधला एक पणजोबा न्यूयॉर्क राज्यात शेती करायला गेला होता, तेवढ्यापुरती जमिनीची खरेदीखतं बघावी लागली. झालं.

अडलं ते वॉरनच्या वर. विहीणबाईंच्या आजीने हाताने काढलेली वंशावळ फ्रेम करून जिन्यात लावलेली आहे. तिच्यात रिचर्डच्या वर बाप, आजोबा, मग सरदार, मग सरे परगण्याचे अर्ल म्हणजे बडे उमराव आणि पार टोकाला नॉर्मन राजघराणं. इंटरनेटवरच्या कितीतरी वंशावळींत हेच उतरवलेलं आहे. खालच्या पिढ्यांना तारखा आणि वरच्यांना नुसत्या पदव्या दिसल्या की मला शंका येते. कुलवृत्तांताच्या कामातही मूळपुरुष थेट पेशव्यांच्या पंगतीला बसवणारे फोन यायचेच.

‘बाबा, लगेच सांगू नका हं त्यांना,’ मुलगी म्हणाली.

रिचर्ड वॉरनबद्दल पक्कं माहीत आहे ते थोडकंच. १६२२ साली लंडनला छापलेल्या वसाहतीच्या वृत्तांतात तो ‘लंडनचा’ म्हणून येतो, बस्स. लंडनच्या काही चर्चची दप्तरं १६६६ च्या आगीत गेली. बायकोचं माहेरही कैक वर्षं चुकीचंच छापलं जात होतं. ते सुटलं २००३ मध्ये. हर्टफर्डशरमधल्या ग्रेट ॲमवेल गावात १६१० साली रिचर्ड वॉरन आणि एलिझाबेथ वॉकर यांचं लग्न नोंदलेलं आहे. नुसत्या त्यावर कोणी विश्वास ठेवला नसता, या नावाचे वॉरन पुष्कळ. पण तिचे वडील ऑगस्टिन वॉकर यांच्या १६१३ च्या मृत्युपत्रात मुलगी एलिझाबेथ वॉरन आणि तिच्या तीन लेकी आहेत: मेरी, ॲन, सेरा. १६२३ साली ‘ॲन’ जहाजातून वॉरनची बायको पाच मुलींना घेऊन अमेरिकेतल्या प्लिमथच्या वसाहतीत आली, त्यातल्या तिघी याच. एकटं नाव काही सिद्ध करत नाही, नावांचा जुडगा करतो. म्हणून माझं ऐकाल तर चर्चच्या वहीआधी मृत्युपत्रं बघा.

विहीणबाईंना मात्र बाप हवा होता. आजीच्या वंशावळीत रिचर्डचा बाप्तिस्मा एका खेड्यात १५८० च्या फेब्रुवारीत झाल्याचं लिहिलं होतं. म्हटलं, तिथल्या चर्चच्या वहीतलं ते पान सुरुवातीला सांगितलेल्या अभिलेखागारातून मागवू आणि एकदाचा सोक्षमोक्ष लावू.

इंग्लंडमध्ये तेव्हा वर्ष २५ मार्चला बदलायचं, १७५२ पर्यंत तीच रीत. म्हणजे वहीतला फेब्रुवारी १५८० हा आपल्या हिशेबाने १५८१. अर्जात मी दोन्ही साल लिहिले, खाली रेघही मारली. पोस्टकोडच्या जागी जावयाच्या एका लंडनच्या मित्राचा कोड घातला. शोधाचे पैसे अर्ध्या तासाच्या हिशेबाने, आगाऊ, परत न मिळणारे. मग वाट बघा. विचारलं की तेच ठरावीक उत्तर: विनंत्या क्रमाने हाताळल्या जातात. शेवटी स्कॅन आलं ते बरोबर एक वर्ष आधीच्या पानाचं! कळवलं, तर म्हणे सेवा दिली गेली आहे, नवा शोध हवा असेल तर नवं शुल्क. मी मराठीत काय बोललो ते नातवाने ऐकलं नसावं अशी आशा आहे.

पुन्हा पैसे भरले. त्या काळातल्या नोंदींची दुसरी प्रत मिळणंही कठीण. बिशपकडे दरवर्षी नक्कल पाठवायचा नियम सरसकट लागू झाला तो १५९८ च्या सुमारास.

पान आलं, आणि इथे मात्र थोडी शेखी मिरवतो. घरातले सगळे ते अक्षर बघून मागे सरले. त्या वळणात सी आजच्या आर सारखा दिसतो, एच ची शेपटी ओळीखाली लोंबते. पण मोडीच्या वळशांत डोळे घालवलेल्याला त्याचं काय भय? आधी त्या पाद्रीबुवांनी महिन्यांची नावं कशी लिहिलीत ते बघायचं, ती आपल्याला माहीत असतात. तेवढी अक्षरं ओळखीची झाली की आडनावं सुटतात.

रिचर्ड होता. बापाचं नावही आजीच्या वंशावळीतलंच. विहीणबाईंनी टाळ्या वाजवल्या. मी खाली वाचत गेलो. त्या वहीत बाप्तिस्मे, लग्नं, दफनं सगळं एकत्र, तारखेवार. २५ मार्चला नव्या सालाचा मथळा आणि मग मे महिन्यात एक दफन: रिचर्ड, त्याच बापाचा मुलगा. जेमतेम तीन महिन्यांचं पोर. ते मेफ्लॉवरवर कुठून चढणार?

विहीणबाई बराच वेळ स्क्रीनकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, ‘हे ऐकायला आजी नाही, तेच बरं.’ फ्रेम काही त्यांनी उतरवली नाही, आणि मी तसं सुचवलंही नाही. संगणकावरच्या वंशावळीत मात्र रिचर्डच्या वरचा चौकोन आता रिकामा आहे. तो कोणी भरू नये म्हणून मी त्यावर पानाचं स्कॅन जोडून ठेवलंय.

सांगायचं राहिलंच: वंशजांच्या संस्थेला वॉरनच्या बापाशी काही देणंघेणं नसतं, अर्ज प्रवाशापर्यंतच. त्यामुळे सभासदत्वासाठी धडपडत असाल तर इंग्लंडला एक पौंडही पाठवू नका. पाठवणारच असाल तर बाप्तिस्म्याबरोबर पुढच्या दोन-चार वर्षांची दफनाची पानंही त्याच अर्जात मागा. बऱ्याच ठिकाणी ती वही वेगळी असते, आणि मग तिचे अर्ध्या तासाचे पैसेही वेगळे.