पाडव्याला कलम लावू का?

होळी झाली की ओळखीपाळखीच्या लोकांकडून दरवर्षी एकच प्रश्न येतो: पाडव्याच्या मुहूर्तावर परसात हापूसचे कलम लावले तर चालेल ना? तुम्ही विचारलेत म्हणून मनापासून सांगतो, कलमाला मृगाच्या पावसापर्यंत थांबू द्या आणि चैत्रात त्याच्यासाठी खड्डा घ्या.

हे मी एक कलम गमावून शिकलो. चिपळूणजवळच्या आमच्या परसात ऐन चैत्रात हौसेने लावलेल्या त्या कलमाला सकाळ-संध्याकाळ पाणी घालूनही वैशाखात त्याच्या पानांच्या कडा करपल्या आणि पाहता पाहता शेंडा वाळला. उपटून पाहिले, तर मुळे अजून पिशवीच्याच आकारात गोळा होऊन बसलेली होती. बाहेरच्या मातीत एकही पांढरे मूळ शिरले नव्हते. उन्हाने पानांतून जितके पाणी जात होते, तितके ओढून घेण्याची ताकद त्या मुळांत अजून आलीच नव्हती.

खड्डा 1 मीटर लांब, तितकाच रुंद आणि तितकाच खोल असावा. जांभ्याच्या जमिनीत हे काम कष्टाचे आहे, पण त्यात काटकसर करू नये. उघडा खड्डा मे अखेरपर्यंत तापला की मातीतल्या किडी आणि त्यांची अंडी बरीच कमी होतात. पावसाच्या तोंडावर चांगली माती आणि पूर्ण कुजलेले शेणखत घालून तो जमिनीपेक्षा थोडा उंच भरावा, कारण पहिल्या सरींनी माती खाली बसते. कलमाचा सांधा, म्हणजे खालच्या खुंटाला हापूसची काडी जिथे जोडलेली असते ती जागा, मातीच्या वर राहिला पाहिजे आणि सांध्याखालून येणारा प्रत्येक फुटवा वेळीच काढला पाहिजे. तो खुंटाच्या रायवळ झाडाचा असतो आणि दुर्लक्ष झाले तर हापूसला मागे टाकतो.

पाडव्याचा मुहूर्त साधायचाच असेल, तर तो पपईच्या बियांवर साधावा. पिकलेल्या पपईतल्या प्रत्येक बीभोवती पाणीदार, बुळबुळीत आवरण असते आणि ते राहिले तर उगवण रखडते. चिमूटभर राख घेऊन बिया तळहातांत चोळल्या की आवरण फुटून सुटते आणि आतले काळे, खरखरीत बी हाताला लागते. ते धुऊन, सावलीत सुकवून, माती-शेणखताच्या पिशवीत साधारण 1 सेंटिमीटर खोल पेरावे. दोन-तीन आठवड्यांत अंकुर दिसतात. या दिवसांत पिशवी ओलसर असावी, चिखल नसावा, कारण पाणी साचले तर कोवळी रोपे बुडाशी सडून आडवी पडतात. मृग लागेपर्यंत रोप वीतभर होते. लावताना एका खड्ड्यात दोन-तीन रोपे ठेवावीत, कारण बियांपासून केलेल्या पपईत नर कोणता आणि मादी कोणती, हे फुले आल्यावरच कळते. तेव्हा फळ देणारे एक जोमदार झाड राखून बाकीची काढता येतात.