नर की मादी? गप्पींची विभागणी झाली, एंजलचा निकाल बाकी

माझ्याकडच्या गप्पी माशांच्या नव्या पिल्लांची विभागणी एकदाची पूर्ण झाली. नर एका टँकमध्ये, माद्या दुसऱ्यात, आणि ज्यांचं अजून नक्की नाही अशी थोडी पिल्लं मधल्या छोट्या टाकीत. एवढी घाई कशाला, हे जुन्या मंडळींना सांगायला नको. नवीन असणाऱ्यांसाठी सांगते: गप्पीची मादी एकदा मिलन झालं की ते शुक्र पोटात साठवून ठेवते आणि पुढे काही महिने, टँकमध्ये एकही नर नसला तरी, पिल्लं देत राहते. त्यामुळे आपल्या पसंतीच्या नराचा वाण पुढे न्यायचा असेल तर मादीला आधी कुठल्याच नराचा संग झालेला नको. म्हणजे नर वयात यायच्या आत ती बाजूला काढलेली हवी.

रंगाची वाट बघत बसलं तर हे जमत नाही. नराची शेपटी छान रंगलेली दिसते तोवर तो कामाला लागलेला असतो. म्हणून मी शेपटीकडे बघतच नाही, पोटाखालची, शेपटीच्या बाजूची फिन (पर) बघते. सुरुवातीला सगळ्याच पिल्लांची ती फिन उघडी आणि त्रिकोणी असते. साधारण महिन्याचं वय झालं की नरांमध्ये तिचे पुढचे काटे, त्यातही तिसरा, चौथा आणि पाचवा, जाड आणि लांब व्हायला लागतात. मागचा भाग तसाच राहतो, त्यामुळे त्रिकोण एका बाजूला ओढल्यासारखा टोकदार दिसतो. पिल्लू उचलायचं ते याच वेळी. पुढे सगळी फिन आवळून तिची बारीक काडी होते. हेच गोनोपोडियम. नर ते पुढच्या दिशेला वळवून शुक्र मादीच्या शरीरात सोडतो. काडी झाल्यावर नर कुणीही ओळखेल, पण तेव्हा ओळखून उपयोग काय?

टँकमध्ये पळणाऱ्या पिल्लाची फिन डोळ्यांनी तपासायचा नाद मी सोडून दिलाय. चपट्या पारदर्शक डबीत टँकचंच पाणी घ्यायचं, पिल्लू त्यात सोडायचं, मागच्या बाजूने टॉर्चचा उजेड द्यायचा आणि मोबाइलवर व्हिडिओ काढायचा. मग निवांत थांबवून थांबवून बघायचं. उजेड मागून आला की फिनमधला एकेक काटा वेगळा दिसतो. पिल्लू दमत नाही आणि आपणही वैतागत नाही.

मादीची खूण म्हणजे ग्रॅव्हिड स्पॉट, पोटाच्या मागच्या टोकाला, फिनच्या जरा वर असणारा काळपट डाग. गडद गप्पींमध्ये तो ठळक दिसतो, पण अल्बिनो आणि फिक्या वाणांत फिकट गुलाबी किंवा पिवळसर असतो आणि चटकन नजरेत भरत नाही. त्यामुळे माझा नियम असा: डाग दिसतोय आणि फिनही त्रिकोणीच आहे, तर मादी. दोन्हींपैकी एकाचीही शंका असेल तर मधली टाकी. नुसता डाग नाही म्हणून कुणाला नर ठरवायचं नाही.

आता एंजल मासे. इथे गंमत वेगळीच. गप्पीत निदान मोठं झाल्यावर तरी शंका उरत नाही, एंजलमध्ये वर्षाचा मासा समोर असला तरी नुसत्या अंगावरून सांगता येत नाही. कपाळाचा उंचवटा, फिनची लांबी, अंगाची ठेवण, यातलं एकही लक्षण भरवशाचं नाही. वयस्क नराच्या कपाळावर कधी उंचवटा दिसतो खरा, पण चांगलं खाऊनपिऊन वाढलेल्या मादीलाही तो येऊ शकतो. खात्रीने सांगणारी जागा एकच, अंडी घालायच्या सुमारास बाहेर येणारी नळी. मादीची जाड आणि बोथट, कारण त्यातून अंडं बाहेर पडायचं असतं. नराची बारीक आणि टोकदार. एक-दोन दिवसांचा खेळ असतो, मग ती पुन्हा आत जाते.

म्हणून लहान एंजल आणताना जोडी निवडायचा प्रयत्नच मी केला नाही. पाच-सहा एकत्र वाढवायचे आणि जोडी त्यांनाच जमवू द्यायची, हा जुना मार्ग. माझ्या टँकमध्ये जोडी जमलीय असं दिसतंय. दोघे एका कोपऱ्यावर हक्क सांगतात, बाकीच्यांना हाकलतात, मधूनच एकमेकांचे ओठ धरून ओढाओढ करतात आणि फिल्टरचा उभा पाइप तोंडाने घासून साफ करत राहतात. नंतर त्याच पाइपवर अंडी दिसली आणि दोन दिवसांच्या आत सगळी पांढरीफटक पडली.

पांढरं अंडं म्हणजे फलन न झालेलं किंवा मेलेलं, त्यावर लगेच बुरशी धरते. जिवंत अंडं अंबरच्या रंगाचं, आरपार दिसणारं राहतं आणि साधारण 27-28 अंश तापमानात अडीच-तीन दिवसांत त्यातून शेपटी वळवळायला लागते. पण सगळी अंडी पांढरी पडली म्हणजे नर नाहीच, असंही म्हणता येत नाही. नवख्या जोडीची पहिली अंडी बऱ्याचदा वाया जातात. दुसरी शक्यता मात्र खरीच आहे: नर मिळाला नाही की दोन माद्याही जोडी जमवतात, जागा साफ करतात, अंडी घालतात आणि त्यांची राखणही करतात. वागण्यावरून संसार अगदी बिनचूक दिसतो.

मी काढलेल्या व्हिडिओत या दोघांतल्या एकीची नळी स्वच्छ दिसतेय, जाड, बोथट, शंकाच नाही. दुसरा मासा नेमका पाइपच्या आड आहे.

बाकीच्या टाक्यांची थोडक्यात हालहवाल. कोरीडोरस बाजूने बघून काही कळत नाही, वरून बघायचे. फिल्टर जरा वेळ बंद करून पाणी स्थिर झालं की फोटो काढायचा: मादी पुढच्या फिनच्या मागे रुंद आणि गोलसर, नर सडपातळ. ब्रिसलनोज प्लेकोचं सोपं, नराच्या नाकाडावर मिशांचं जंगल, मादीला एकतर काहीच नाही किंवा कडेला जेमतेम चार केस. पर्ल गुरामीत पाठीवरची फिन लांब आणि टोकदार असेल तर नर.

गोल्डफिशबद्दल वेगळं सांगायला हवं. विणीच्या काळात नराच्या कल्ल्यांच्या झाकणांवर आणि छातीजवळच्या फिनच्या पुढच्या काट्यावर बारीक पांढरे दाणे येतात. ते बघून बरेच जण व्हाइट स्पॉट (पांढऱ्या ठिपक्यांचा रोग) झाला म्हणून औषध ओततात. रोगाचे ठिपके अंगभर, शेपटीवर, कुठेही विखुरलेले असतात. हे दाणे ठरलेल्या जागीच असतात आणि मासा मजेत खात-पीत असतो. औषध ओतण्याआधी एवढं बघा.

आणि ‘जास्त रंगीत तो नर’ म्हणणाऱ्यांनी कॉन्व्हिक्ट सिक्लिडची मादी बघावी. पोटावरची केशरी झाक तिची, नराची नव्हे. क्रिबेन्सिसमध्येही लालभडक पोट मादीचंच. क्लाउनफिशचा तर प्रश्नच न्यारा: सगळे आधी नर, आणि गटातली मोठी मादी गेली की तिच्या खालोखालचा नर मादी होतो. तिथे लहान माशाचं लिंग विचारण्यात अर्थ नाही.

एंजलच्या टँकमध्ये आता स्लेटची एक पाटी पुढच्या काचेजवळ तिरकी उभी केलीय, तोंड माझ्याकडे. पाइपला जाळी गुंडाळून टाकली, म्हणजे तिथे जाणार नाहीत. पाटी साफ करायला त्यांनी सुरुवात केलीय. या वेळी नळी दिसली नाही तरी अंडी घालतानाच्या फेऱ्या मोजता येतील. मादी पाटीवरून पोट घासत गेली की मागे अंड्यांची ओळ राहते, तिच्यामागून नर जातो तेव्हा एकही नवीन अंडं पडत नाही. दोघांच्याही फेरीनंतर अंडी वाढत असतील तर दोन्ही माद्या, आणि मग उरलेल्या एंजलमधून नर शोधायला लागायचं.