कॉलर माईक चालूच होता

मी डॉक्युमेंटऱ्यांचं साउंड करतो. सध्या एका मोठ्या नेत्यावरच्या फिल्मवर आहे आणि तिचं निम्मं काम म्हणजे त्यांचा इंटरव्ह्यू मिळवणं. लोकांना वाटतं मेल टाकला की वेळ मिळते. मिळतो तो पीए, मग त्या पीएचा असिस्टंट, मग प्रश्न लिहून पाठवा, मग त्यातले हे हे वगळा, मग साहेब दौऱ्यावर. डायरेक्टर म्हणायचा नाही भेटले तरी फिल्म होते, आणि निक ब्रूमफील्ड या ब्रिटिश डॉक्युमेंटरीवाल्याचं उदाहरण द्यायचा, ब्रिटनच्या माजी पंतप्रधान मार्गारेट थॅचरच्या मागे मागे फिरला, इंटरव्ह्यू मिळालाच नाही आणि १९९४ साली त्या फिरण्याचीच डॉक्युमेंटरी झाली. मला तो माणूस आवडतो ते वेगळ्याच कारणासाठी, कानाला हेडफोन, हातात बूम म्हणजे लांब दांडीवरचा माईक, साउंड स्वतः करतो.

आणि एक दिवस फोन आला, आत्ता या.

खोलीत एसी, छताला आवाज करणारी ट्यूबलाईट, खिडकीबाहेर जनरेटर. कॅमेरामनला खिडकीचा उजेड दिसतो, जनरेटर फक्त मला ऐकू येतो. एसी बंद करा म्हटलं तर पीए म्हणे साहेबांना उकडेल. मग त्याला नीट सांगितलं की एसीची घरघर प्रत्येक वाक्याखाली असते, एडिटमध्ये दोन वाक्यं जोडली की ती त्या जोडावर बदलते आणि ऐकणाऱ्याला वाटतं साहेबांचं बोलणं तोडून फिरवलंय. लगेच बंद झाला एसी! सिक्युरिटीने ट्रान्समीटर, म्हणजे कॉलर माईकची कमरेला लावायची डबी, उघडून बॅटऱ्यासुद्धा काढून बघितल्या. कपडे कडक इस्त्रीचे, त्यामुळे कॉलर माईक जरा हलला की खरखर, शेवटी वायरला छोटा वळसा देऊन आतून टेप लावली तेव्हा कुठे आवाज स्वच्छ आला.

इंटरव्ह्यू म्हणजे भाषणच होतं. आमच्या डायरेक्टरने पुनर्वसनाचा प्रश्न विचारला आणि उत्तर अर्धवट असताना पुढच्या प्रश्नावर गेला, हे मला अजून खटकतं, इतके दिवस थांबलो होतो ते याच प्रश्नासाठी ना.

संपल्यावर मी खोलीच्या नुसत्या शांततेचं रेकॉर्डिंग घेतो, एडिटरला लागतं ते. सगळ्यांना गप्प उभं केलं, तर साहेब तेवढ्यात उठले आणि आतल्या खोलीत गेले, ट्रान्समीटर कमरेलाच. माझ्या हेडफोनमध्ये आधी दाराचा आवाज, मग त्यांचा, हळू, कुणाला तरी पुनर्वसनाबद्दलच सांगत होते. शब्द इथे लिहीत नाही. पण खुर्चीत बसून जे सांगितलं त्याच्या अगदी उलट होतं.

डायरेक्टर म्हणतो हेच फिल्मचं खरं वाक्य आहे, ज्यांची घरं गेली त्यांना हे ऐकण्याचा हक्क आहे. हक्क आहे, मलाही मान्य आहे, म्हणून तर झोप उडालीय. पण माईक लावताना मी त्यांच्या कॉलरला हात लावला तो इंटरव्ह्यूसाठी, आतल्या खोलीसाठी नाही. उद्या कुठलाही माणूस, नेता सोडा, ज्याचं घर गेलंय तोसुद्धा, आम्हाला माईक लावू देईल का?

मी डायरेक्टरला लिहून दिलंय की आधी साहेबांना हा ट्रॅक ऐकवा आणि कॅमेऱ्यासमोर परत हाच प्रश्न विचारा, या वेळी उत्तर पूर्ण होऊ द्या. तो म्हणतो परत वेळ मिळणारच नाही. मी पीएला फोन लावलाय, प्रश्न लिहून पाठवा म्हणाला.